लाटेआधीची बांधाबांध

सोमवार, २ फेब्रुवारी. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. सुरुवात घरच्यांच्या खुशालीने करतो, तीच खरी रीत.

हिचे गुडघे: डावा ठीक, उजवा पायरी पाहिली की रुसतो. लेकीला फोन केला: सर्दी, आवाज पिंपातून आल्यासारखा. जावई: बरा आहे म्हणाले. ते अंगात ताप असला तरी बरा आहे म्हणतात. नात: पुढचा दात पडला, बोलता बोलता शिट्टी वाजते. शेजारचे कप्तान (पूर्वी लाँच चालवायचे): कंबर धरली आहे, जीभ मोकळी. समुद्र: शांत, निदान वरून तरी. मी: उत्तम.

रोजनिशीचं कारण काल घडलं.

काल सकाळी सुनामीचा सायरन झाला. कुठेतरी दूर समुद्राच्या तळाशी जमीन हलली होती. खबरदारी म्हणून आमच्या किनाऱ्यावरच्या सगळ्यांनी टेकडीवरच्या शाळेच्या मैदानात जायचं होतं. चाळीस मिनिटांनी इशारा मागे घेतला. लाट आली ती घोट्याएवढी. प्रश्न लाटेचा नाही. प्रश्न असा, की इशारा मागे घेतला तेव्हा मी अजून घरातच होतो.

बांधत होतो. चौतीस वर्षं मालाच्या गोदामात काढली, त्यातली शेवटची एकोणीस पॅकिंग खात्याचा मुख्य म्हणून. उघडी वस्तू टाकून निघणं माझ्या हाताला जमत नाही. घड्याळ वर्तमानपत्रात गुंडाळलं, आरसा गोणपाटात शिवला, मग चहाचे सहा कप एकेक करून. कप्तान कंबर धरून टेकडीवर पोचलेसुद्धा. तिथून फोन, की अरे, इथे गल्लीची मोजणी झाली, तू आणि वहिनी तेवढे कमी पडताय.

ही दुसऱ्याच मिनिटाला पाण्याची बाटली घेऊन फाटकात उभी होती. पण गेली नाही. चाळीस मिनिटं तिथेच, समुद्राकडे बघत.

घरात येऊन शांतपणे म्हणाली (शांतपणे म्हणाली की समजावं, ठरलंय), की मी तुम्हाला सोडून जाणार नाही आणि तुम्ही कप सोडून येणार नाही, म्हणजे बुडायचं दोघांनी. तेव्हा ३१ मार्चपर्यंत घराचा विमा आणि निघायची धड तयारी. नाही झाली तर आपण वर लेकीकडे राहायला जायचं.

लेकीचं घर टेकडीवर. तिथली एक खोली तीन वर्षं आमची वाट पाहत आहे. मी जाणार नाही. हे चार खोल्यांचं घर मी अकरा वर्षांत उभं केलं, दारं-खिडक्या गोदामातल्या मोडक्या पेट्यांच्या फळ्यांतून. अजूनही स्वयंपाकघराच्या दारावर आतल्या बाजूने पुसट 'काच आहे, जपून' वाचता येतं.

म्हणालो, मंजूर. दोन महिने म्हणजे मला उलट जास्तच.

बुधवार, ४ फेब्रुवारी

विम्याच्या एजंटबाई आल्या. हुशार. फॉर्मचे दोन भाग: एक घराच्या बांधकामाचा, दुसरा घरातल्या सामानाचा. समुद्राच्या लाटेचं कव्हर वेगळं मागून घ्यावं लागतं, साध्या पुराच्या विम्यात ते धरत नाहीत. हे अर्ध्या गल्लीला माहीत नसेल. मला आज सकाळपासून माहीत आहे.

सामानाची यादी मी करायची, मग सर्व्हेअर येऊन घर बघणार, मग विमा.

यादी म्हटल्यावर मला हसूच आलं. यादी मला सांगतात. माशाला पोहायला शिकवणं झालं हे.

बाई जाताना नगरपालिकेचं माहितीपत्रकही देऊन गेल्या. जमीन बराच वेळ हलली किंवा समुद्र एकदम मागे हटला, तर सायरनची वाट बघू नका, चालत उंचावर जा. निकडीची पिशवी दाराशी तयार ठेवा. कपाटं भिंतीला ठोकून घ्या. मौल्यवान वस्तू शक्य तितक्या उंच ठिकाणी ठेवा.

शेवटच्या वाक्याखाली लाल रेघ मारली.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

पिशवी भरली. हिने स्वतःची भरली ती अशी: पाणी, गोळ्या, जादा चष्मा, टॉर्च, कागदांच्या झेरॉक्स, चपला. संपली पिशवी. किती उथळ तयारी. माझ्या पिशवीत हातोडी, खिळे तीन मापांचे, सुतळीचे दोन गुंडे, दाभण, लेबलं, शाई, गोणपाट. टेकडीवर चारशे माणसं जमणार, कुणालातरी काहीतरी बांधायचं असणारच.

वजन एकोणीस किलो.

रविवार, ८ फेब्रुवारी. सकाळी १०

पहिली ड्रिल. नातीच्या हातात घड्याळ दिलं. तिने तोंडानेच सायरन वाजवला. दात नसल्याने अगदी खऱ्यासारखा.

वेळ: चोवीस मिनिटं, तेही फाटकापर्यंतच. फाटकात पिशवीचा पट्टा तुटला. हातोडी माझ्या पायावर आणि खिळे रस्त्यावर. हल्ली शिलाई अशीच मिळते. जावई खिळे वेचत होते. लागलं का विचारलं तर म्हणाले, बरा आहे.

चाळीसवरून चोवीस. प्रगती आहे.

मंगळवार, १० फेब्रुवारी

मौल्यवान वस्तू उंच ठिकाणी: म्हणजे आमचा माळा. दिवसभर चढवल्या. हिचं शिवणयंत्र, पितळी भांडी, अल्बम, रेडिओ दोन (एक चालणारा, एक चालेल असा). चार वाजता माळ्याने कण्हायला सुरुवात केली. सव्वाचारला त्याची एक फळी खाली आली, आणि तिच्यामागून पितळी भांडी पायरीपायरीने, बँडसारखी.

कप्तान कुंपणापाशी येऊन म्हणाले, अरे, समुद्राला कशाला बोल लावतोस, तुझा माळाच तुला आधी गाठेल.

विचार केला. माळ्याहून उंच काय?

मंगळवार, १० फेब्रुवारी. संध्याकाळी ६

लेकीचं घर.

इतकं सोपं उत्तर आणि दिवसभर मी शिडीवर. तिच्या गॅलरीतून आमचं छप्पर काडेपेटीएवढं दिसतं. तिथे सुनामी पोचायची तर तिला आधी बस पकडावी लागेल. मौल्यवान वस्तू तात्पुरत्या वर, आम्ही दोघं कायमचे खाली. साप मरतो आणि काठीही मोडत नाही.

फक्त हिला कसं पटवावं हा प्रश्न. ती सहजासहजी ऐकणाऱ्यांतली नाही.

बुधवार, ११ फेब्रुवारी

पटली. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाली, खरंच की, माझं शिवणयंत्र आधी न्या. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने माझं इतक्या लवकर कधी ऐकलं नव्हतं. मुद्दा मांडावा कसा, यावर असतं सगळं.

शनिवार, १४ फेब्रुवारी

पहिली खेप. नग १ ते १४. जड आधी, नाजूक शेवटी, हा माझा जुना नियम. प्रत्येक नगावर लेबल, 'वरची बाजू' असा बाण, यादी तीन प्रतींत. टेम्पोवाला म्हणाला, काका, एवढं बांधून तर परदेशातपण पाठवत नाहीत. कसलेल्या माणसाची कदर कसलेल्यालाच.

वर पोचलो तर खोली आधीच झाडून-पुसून तयार, पडदे नवे, खिडकीपाशी शिवणयंत्राच्या मापाची जागा मोकळी. लेक म्हणाली, असंच आवरत होते, बाबा. योगायोग असतात असे.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

दुसरी ड्रिल. सोळा मिनिटं.

कारण शोधून काढलं. घरात जेवढ्या वस्तू कमी, तेवढं बांधायचं कमी, तेवढा वेळ कमी. हे नगरपालिकेच्या पत्रकात कुठेच नाही. त्यांना पत्र लिहावं म्हणतो. एका नगामागे साधारण अर्धं मिनिट वाचतं, म्हणजे आणखी तीस नग हलवले तर सायरन वाजायच्या आधीच मी फाटकात.

हिला कागदावर आकडेमोड करून दाखवली. लक्ष देऊन ऐकलं. म्हणाली, मग कपाटही न्या, कपाटाचे तर निदान दोन नग धरता येतील.

सोमवार, २३ फेब्रुवारी

दुसरी खेप. कपाट, हिची आरामखुर्ची, दोन्ही मोठ्या पेट्या, भिंतीवरचं घड्याळ. पत्रकात कपाटं भिंतीला ठोकून घ्या म्हटलंय. मी म्हणतो, कपाट घरातच नसेल तर पडेल कुठून? हे लोक मुळाशी जातच नाहीत.

सामान लावायला म्हणून ही दोन दिवस वर राहिली आहे. मी कप्तानांकडे जेवलो. ते म्हणाले, तू नक्की कुणापासून पळतोयस, लाटेपासून की वहिनींपासून? मग कंबर धरून हसले. माणूस उभा जन्म पाण्यावर होता, त्याला कोरड्या विचाराची सवय नाही.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

सामानाच्या विम्याची यादी पुरी केली. नग ६४. रकाने मी स्वतः आखले: अनुक्रमांक, वस्तू, अवस्था, सध्या कुठे. शेवटचा रकाना माझ्या डोक्यातला, फॉर्ममध्ये नव्हता. एजंटबाईंना तेवढंच सोयीचं.

हिने मूळ फॉर्म चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. मग परत वाचला. मग हसली. विचारलं, काय झालं. म्हणाली, काही नाही, चांगला फॉर्म आहे.

मंगळवार, ३ मार्च

तिसरी ड्रिल. नऊ मिनिटं. अंगात वारं शिरल्यासारखं वाटतंय.

काल गाद्याही वर गेल्या, कारण हिचा उजवा गुडघा आता वरच्या पलंगाला सरावला आहे आणि एक गादी खाली, एक वर ही जोडी फोडणं मला बरं वाटेना. मी पॅकिंगच्या गोधडीवर झोपतो. सपाट जमीन पाठीला उत्तम असते. सकाळी उठायला खिडकीचे गज धरावे लागतात, तो व्यायाम वेगळा.

घरात बोललं की आवाज परत येतो. आज मोठ्याने म्हणून पाहिलं, चहा झाला का? घराने मलाच विचारलं, झाला का?

रविवार, ८ मार्च

ही आता रविवारी येते. डबा घेऊन येते, सगळ्या खोल्यांतून फिरते, खिडक्या उघडते, मला नखशिखान्त बघते आणि संध्याकाळच्या बसने जाते. तिच्या गोळ्या वर, उशी वर, शिवणयंत्र वर. रोज वर-खाली कशाला करायचं, मीच म्हणालो.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो. पाच आठवड्यांत तिने राहायला वर जाण्याचा विषय एकदाही काढलेला नाही. म्हणजे ती हरली. तोंडाने कबूल करणार नाही, पण मला कळतं.

गुरुवार, १२ मार्च. दुपारी १२

आजचा दिवस सोन्याच्या शाईने लिहावा असा.

नगरपालिकेची मोठी ड्रिल होती. सगळी गल्ली, खरा सायरन. मी फाटकात तीन मिनिटं चाळीस सेकंदांत. (पिशवी आता फक्त तीन किलो. हातोडी वर आहे, नग ४१.) शाळेच्या मैदानात सगळ्यांत पहिला मी. कर्मचारी अजून खुर्च्या मांडत होते. मीच मांडायला मदत केली.

अधिकाऱ्यांनी विचारलं, आजोबा, एवढं कसं जमवलं? चार शब्द बोलायला सांगितलं. मी अठरा मिनिटं बोललो. अर्धं मिनिट प्रतिनग हा सिद्धांत मांडला. टाळ्या पडल्या, त्यातल्या काही मी थांबलो म्हणून असतील, पण पडल्या.

कप्तान दुसरे आले. घाम पुसत म्हणाले, सगळं खरं, पण वहिनी कुठायत? ड्रिलमध्ये दोघांनी पोचायचं असतं.

मी वर बोट दाखवलं. लेकीच्या गॅलरीत ही उभी होती, शेजारी नात. दोघींनी हात हलवला. म्हणालो, ती आधीच पोचली.

कप्तान माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. हेवा असतो माणसाला.

मंगळवार, १७ मार्च

एजंटबाईंचा फोन. सर्व्हेअर चोवीसला येणार. मी म्हणालो, उद्या पाठवा. त्या म्हणाल्या, चोवीसलाच.

मागच्या भिंतीला ओल आहे, तिला चुना लावला. फरशा घासल्या. घर इतकं स्वच्छ कधीच नव्हतं. सामानच नाही म्हटल्यावर केरसुणीला अडवणार कोण. एक खुर्ची, एक स्टोव्ह, एक पातेलं, एक कप. बाकीचे पाच कप वर आहेत.

मंगळवार, २४ मार्च. सकाळी ११.३०

सर्व्हेअर येऊन गेले. किडकिडीत, अबोल, हातात टेप आणि टॅब.

बांधकामावर खूश. जोतं मोजलं, भिंती ठोकल्या, दारांच्या फळ्यांवरून हात फिरवला. म्हणाले, काका, मागच्या भिंतीची ओल तेवढी काढा, चुन्याने झाकू नका. बाकी घर दणकट आहे. कुणी बांधलं? सांगितलं, मीच.

नंतर आत आले. पहिली खोली, दुसरी, तिसरी. त्यांच्या बुटांचा आवाज सगळीकडून येत होता. स्वयंपाकघरात थांबले. विचारलं, इथे राहतं कोण? म्हणालो, आम्ही दोघं. म्हणाले, दुसरं कोण दिसत नाही. म्हणालो, ती वर असते. कधीपासून? तारखेसह सांगितलं. सामान? मी यादी पुढे केली, तिन्ही प्रती. त्यांनी ती उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचली. पलंग: वर. गाद्या: वर. भांडी: वर. देशी-विदेशी कुलपे, अकरा: वर.

मग टॅबवर बरंच काही लिहिलं. म्हणाले, काका, सामानाचा विमा सामान असेल त्या पत्त्यावर होतो. आणि ही पॉलिसी राहत्या घराची आहे. एका खुर्चीला आम्ही राहतं घर म्हणत नाही, हे बंद घर झालं. फॉर्म वाचला नव्हता का कुणी, पहिल्याच पानावर आहे.

जाताना म्हणाले, पण एवढी तयारी मी आजवर कुठेच पाहिली नाही. हे वाक्य महत्त्वाचं, म्हणून पुन्हा लिहितो. एवढी तयारी त्यांनी आजवर कुठेच पाहिली नाही.

गुरुवार, २६ मार्च

कंपनीचं पत्र. भाषा सभ्य. थोडक्यात, नाही.

घाबरण्याचं कारण नाही. पाच दिवस आहेत. चौसष्ट नग खाली आणायचे, घर राहतं करायचं, सर्व्हेअरना परत बोलवायचं. मी एका रात्रपाळीत आठशे नग रवाना केलेत. हिला फोन केला. मला वाटलं, वाद होईल. ती म्हणाली, आणा की, कोण नको म्हणतंय, जेवायच्या वेळेला या.

शुक्रवार, २७ मार्च. रात्री ८

टेम्पो घेऊन गेलो. टेम्पो रिकामाच परत पाठवला. कारणं अशी:

माल हलवायचा तर तो बांधावा लागतो, आणि बांधायला पेट्या लागतात. माझ्या पेट्यांत लेकीने झाडं लावली आहेत. गॅलरीत ओळीने ठेवल्यात, माझ्या हाताची लेबलं तशीच, 'वरची बाजू' असा बाण आणि त्या दिशेने मिरचीचं रोप निघालंय. गवत आणि वर्तमानपत्रं हिने रद्दीत घातली. कपाटात नातीचे कपडे. शिवणयंत्रावर शेजारणींची तीन ब्लाउजं अर्धी शिवलेली, यंत्र हलवलं तर त्या येऊन मला शिवतील.

घड्याळ भिंतीवर चालू होतं. खाली ते रोज दहा मिनिटं मागे पडायचं. इथे बरोबर होतं. जावयांना विचारलं, हे काय केलंत? म्हणाले, काही नाही, सरळ टांगलं.

जेवलो. मग म्हटलं, पलंग सुटा करायच्या आधी त्याचे सांधे तपासावेत, म्हणून जरा आडवा झालो. उठलो तेव्हा पाच वाजले होते. अंगावर पांघरूण होतं. पाठ दुखत नव्हती, हे विशेष.

शनिवार, २८ मार्च

टेम्पोवाल्याला फोन केला. म्हणाला, काका, येतो, पण आधी काकूंना विचारतो. यालाही फितवलं.

रविवार, २९ मार्च. दुपारी

ही खाली आली, पण डबा आणला नाही. एकुलत्या खुर्चीवर बसली, मी पायरीवर.  मग म्हणाली, तुम्हाला काय वाटतं, मला हे घर नकोय? सायरन झाला त्या दिवशी मी फाटकात उभी राहून पाणी कुठवर आलं ते बघत होते, आणि आत तुम्ही कप गुंडाळत होता. हाका मारून घसा बसला माझा. ती चाळीस मिनिटं मला परत नकोत. घर गेलं तर गेलं, अहो. तुम्ही मला नगावारी मिळणार आहात का?

मी उठून खिडकी लावली, मग परत उघडली.

कप्तान कुंपणावरून ऐकत होतेच. म्हणाले, माझी भाची दवाखान्यात नर्स आहे, राहायला जागा शोधतेय. ती इथे राहिली तर घर राहतं होईल, कंपनीही कुरकुर करणार नाही.

 हिच्या तोंडाकडे पाहून मला शंका आली, की कप्तान हे आज पहिल्यांदा बोलत नसावेत.

सोमवार, ३० मार्च

भाची आली. एक लोखंडी पलंग, एक बॅग, एक शेगडी, चार भांडी, पुस्तकं. बांधलेलं काहीच नव्हतं, सगळं तसंच हातात. दाराशी खिळा ठोकून तिने एक लहान पिशवी अडकवली आणि म्हणाली, ही सायरनची. मी विचारलं, वजन किती? म्हणाली, मोजलं नाही.

सर्व्हेअरना गल्लीत दुसरं काम होतं, ते येता येता डोकावले. वीस मिनिटं. बांधकामाचा विमा माझ्या नावे, लाटेच्या कव्हरसह, भिंतीची ओल महिन्याभरात काढण्याच्या अटीवर. सामानाचा तिच्या नावे. एजंटबाईंनी सह्या घेतल्या. मी दोन महिने यासाठी झटलो, म्हणूनच हे वीस मिनिटांत झालं.

मंगळवार, ३१ मार्च. संध्याकाळी ५, लेकीच्या गॅलरीतून

मुदत आजची होती. विमा झाला, निघायची तयारी झाली, म्हणजे दोन्ही अटी मी पाळल्या. त्या हिशेबाने मी जिंकलो. फक्त राहायला वर आलो आहे. कारण खाली आता भाडेकरू आहे, आणि दुसऱ्याच्या घरात असं किती दिवस राहणार.

येताना मला टेम्पो लागला नाही. हातात काहीच नव्हतं. हिने माझा दंड धरला होता, गुडघ्यामुळे. निदान ती तसं म्हणाली.

भाचीला देण्यासाठी चिठ्ठी लिहिली, तिची नक्कल इथे उतरवून ठेवतो.

चि. मुली, अनेक आशीर्वाद. मागच्या भिंतीला गवंडी गुरुवारी येईल, त्याला चुना लावू देऊ नकोस. स्वयंपाकघराचं दार ओढताना थोडं उचलून घे, ते तसंच बसवलं आहे. समुद्र मागे हटलेला दिसला तर दार लावायलासुद्धा थांबू नकोस, पिशवी घे नाहीतर घेऊ नकोस, पण नीघ. चहाचा एक कप राहिला आहे तो वापर, बाकीचे पाच नंतर पाठवतो. आणि घर कसं आहे ते चार ओळी लिहून कळव, शक्यतो उद्याच. मी इथे सकाळपासून उभा आहे, पण एवढ्या वरून नुसतं छप्पर दिसतं.